एचडब्ल्यूइन्फो: प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा कितपत खरा?

बेळगावातल्या वडगावात घरच्या माडीवर मी लग्नाचे व्हिडिओ आणि अल्बम करते. गिऱ्हाईक निम्मं मराठी, निम्मं कन्नड. नवरा-नवरीची नावं दोन्ही लिपींत घालून द्यायची असतात, आणि सगळ्यांना सगळं सत्यनारायणाच्या आत हवं असतं. मशीन म्हणजे इंटेलचा कोअर आय-फाइव्ह १२४००, बी-६६०चा मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी), ३२ जीबी रॅम आणि प्रोसेसरच्या खोक्यात येतो तोच कंपनीचा पंखा. गेम कोणी खेळत नाही. रात्री रेंडर (जोडलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवणं) लावायचं आणि सकाळी तयार फाइल हातात पडायला हवी, एवढंच त्याचं काम.

एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर गेला उन्हाळाभर मी या मशीनवर वापरतेय. माझं मत आधीच सांगून टाकते. प्रोसेसरच्या तापमानासाठी याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही. पण ते शंभर ओळी दाखवतं, त्यातल्या चार-पाचच तुमच्या कामाच्या असतात, आणि त्या कुठल्या हे ते स्वतः सांगत नाही. ते कळलं नाही तर हेच सॉफ्टवेअर तुम्हाला घाबरवून नको त्या खर्चात घालू शकतं.

मला याची गरज पडली ती रेंडरचा वेळ वाढत चालल्यामुळे. आधी जेवढ्या वेळात दोन लग्नांचं काम निघायचं तेवढ्यात एक निघायला लागलं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसतं, प्रोसेसरचं दिसत नाही. म्हणून एक छोटं फुकटचं सॉफ्टवेअर घातलं, तर त्यात आकडा १००. मशीन उचललं आणि जिथून जोडून घेतलं होतं त्या दुकानात नेलं.

तिथल्या पोरानं कॅबिनेटचं झाकण काढलं आणि ड्रॉवरमधून गन काढली. कोरोनाच्या वेळी मॉलच्या दारात कपाळाला लावायचे ना, तीच. हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या पंख्याखालच्या धातूच्या पात्यांवर धरली, बटण दाबलं आणि माझ्यासमोर नाचवली. "वहिनी, हे बघा की, छत्तीस दाखवायलंय. सॉफ्टवेअर शंभर म्हणतंय म्हणजे सेन्सरच गेलाय. बोर्ड बदलूया."

ही कपाळाची गन साधारण ३२ ते ४२ अंशांच्या पट्ट्यासाठीच केलेली असते. शिवाय ती कपाळाच्या कातडीच्या तापमानात भर घालून अंगातला ताप किती हे हिशेबानं सांगते. त्यात समोर चकचकीत ॲल्युमिनियम. असल्या चकचकीत धातूतून इन्फ्रारेड किरण फार थोडे बाहेर पडतात, आणि गनला दिसतं ते बहुतेक आजूबाजूच्या वस्तूंचं प्रतिबिंब. म्हणजे त्या परीक्षेत माझ्या हीटसिंकला ताप नाही एवढंच सिद्ध झालं.

दुसऱ्या दुकानात बरोबर उलटं. "शंभर? मग प्रोसेसर जळायलाय की. लिक्विड कूलर घाला, नाहीतर आठवड्यात जातंय." एकाच्या मते आकडा खोटा, दुसऱ्याच्या मते खरा, आणि खर्च मीच करायचा यावर मात्र दोघांचं एकमत. दोन्ही ठिकाणी कोणी विचारलं नाही की हा आकडा येतो कुठून. मशीन घेऊन घरी आले आणि एचडब्ल्यूइन्फो उतरवून घेतलं.

आकडा येतो कुठून हे समजलं की अर्धं काम झालं. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये काम करणारे अनेक भाग असतात, त्यांना कोअर म्हणतात, आणि प्रत्येक कोअरच्या पोटातच एक डिजिटल सेन्सर असतो. आपल्याला वाटतं तो थर्मामीटरसारखा शून्यापासून वर मोजतो. तसं नाही. प्रोसेसरची एक ठरलेली कमाल मर्यादा असते, तिला टीजेमॅक्स म्हणतात, आणि माझ्या १२४००ची ती १०० अंश आहे. सेन्सर फक्त एवढंच सांगतो की आपण त्या मर्यादेपासून किती अंश खाली आहोत. त्यानं "४०" म्हटलं की सॉफ्टवेअर १०० मधून ४० वजा करतं आणि पडद्यावर ६० लिहितं.

आता मुद्द्याची गोष्ट. या सेन्सरची जुळणी कारखान्यात मर्यादेच्या जवळपास केलेली असते, कारण त्याचं खरं काम प्रोसेसरला वाचवणं हे आहे. मर्यादेपासून जितकं खाली यावं तितका त्याचा अंदाज सैल होत जातो. म्हणून मशीन नुसतं चालू असताना एक कोअर ३१ दाखवतो आणि शेजारचा ३६, त्यात काही अर्थ शोधू नये. तोच सेन्सर ९७ म्हणाला तर मात्र ऐकायचं. नुसत्या चालू मशीनचा आकडा पुढे करून "माझं बत्तीस, तुझं किती" अशी चढाओढ लावणारे लोक भेटतात. त्यांना काय सांगणार!

यातूनच दुसरी गोष्ट निघते. आकडा खरा की खोटा हे ठरवायला लोक तीन सॉफ्टवेअर घालतात आणि तिन्हींचं जमलं की खरं मानतात. पण एचडब्ल्यूइन्फो, कोअर टेंप, रिअल टेंप, सगळी त्या एकाच सेन्सरचा एकच आकडा वाचतात. सेन्सर चुकला तर तिघंही एकसुरात चुकणार. वर ती एकाच वेळी चालवली तर बोर्डावरच्या सेन्सरच्या चिपशी बोलताना एकमेकांच्या मध्ये येतात आणि भलतेच आकडे उमटतात. एका वेळी एकच चालवावं.

सॉफ्टवेअरांत खरा फरक पडायचा तो जुन्या मशीनवर. खानापूरला आमच्या भाऊजींकडे अजून एक कोअर टू ड्युओ आहे, दुकानाच्या बिलांसाठी. त्या काळी टीजेमॅक्स चिपमध्ये वाचता येईल अशी लिहिलेली नसायची, आणि सॉफ्टवेअर लिहिणारे आपापल्या अंदाजानं ८५, ९५, १०० धरायचे. मशीन एकच, पण एक सॉफ्टवेअर ४५ म्हणणार आणि दुसरं ६०. त्यांच्या मशीनवर असंच झालं, पण "मर्यादेपासून अंतर" ही ओळ दोन्हीकडे काढून बघितली तर ती तंतोतंत सारखी. २००८ मध्ये पहिला कोअर आय-सेव्हन आला तेव्हापासून ही मर्यादा चिपमध्येच नोंदलेली असते, त्यामुळे आताच्या मशीनवर हा घोळ उरलेला नाही.

एएमडी या दुसऱ्या कंपनीचे प्रोसेसर वापरणाऱ्यांचं प्रकरण वेगळं. निपाणीला माझी एक मैत्रीण अल्बम छपाईचं काम करते, तिच्याकडे रायझन ७ २७००एक्स. तिचा आकडा कायम माझ्यापेक्षा चढा, आणि ती बिचारी कायम काळजीत. त्या प्रोसेसरमध्ये पंख्याला हुकूम द्यायचं तापमान आणि चिपचं प्रत्यक्ष तापमान हे दोन आकडे मुद्दामच वेगळे ठेवले होते. २७००एक्सला पंख्याचा आकडा १० अंश जास्त, त्याआधीच्या १७००एक्स आणि १८००एक्सला तर २० अंश जास्त. एचडब्ल्यूइन्फो या दोन्ही ओळी, टीसीटीएल (पंख्याचा आकडा) आणि टीडाय (चिपचा), वेगवेगळ्या दाखवतं. जे सॉफ्टवेअर एकच दाखवतं त्यात कुठली दिसतेय ते आपण शोधायचं. त्याहून जुने एएमडीचे एफएक्स प्रोसेसर तर नुसते चालू असताना खोलीच्या हवेपेक्षा कमी तापमान दाखवायचे. पंख्यानं वारा घालून कुठलीही वस्तू हवेपेक्षा थंड होत नसते, तेव्हा तो आकडा सरळ सोडून द्यायचा. तिथेही मर्यादेच्या जवळचाच आकडा कामाचा.

आता एचडब्ल्यूइन्फोकडे येते. सुरू करताना "सेन्सर्स ओन्ली" वर टिक करायची, नाहीतर मशीनची अख्खी जन्मपत्रिका समोर येते. मग ओळींची भलीमोठी यादी उघडते, आणि प्रत्येक ओळीपुढे चार खाने: आत्ताचा आकडा, सर्वांत कमी, सर्वांत जास्त, सरासरी. सर्वांत जास्तचा खाना मला फार आवडतो, कारण रेंडर रात्री चालतं आणि तेव्हा बघायला मी जागी नसते.

बघायच्या ओळी म्हणजे सहा कोअरची तापमानं, "सीपीयू पॅकेज" म्हणजे अख्ख्या प्रोसेसरचं तापमान, "कोअर डिस्टन्स टू टीजेमॅक्स" म्हणजे मर्यादेपासून अंतर, "कोअर थर्मल थ्रॉटलिंग" म्हणजे तापल्यामुळे वेग कमी केलाय का, प्रत्येक कोअरचा क्लॉक म्हणजे वेग, आणि "सीपीयू पॅकेज पॉवर" म्हणजे प्रोसेसर खात असलेले वॅट. बाकीच्या ओळींवर राइट क्लिक करून लपवून टाका. नावंही बदलता येतात.

खाली बोर्डावरच्या चिपचा विभाग येतो आणि तिथेच माणसं फसतात. तिथेही "सीपीयू" नावाची एक ओळ असते. ती काही बोर्डांवर प्रोसेसरच्या सॉकेटजवळच्या सेन्सरची असते, काहींवर प्रोसेसरकडूनच उसनी घेतलेली. त्याच्याखाली "ऑक्सटिन" नावाच्या ओळी. त्यातली एक माझ्याकडे १२७ दाखवते, रात्री-दिवसा, थंडी-उन्हाळा, हलत नाही. त्या जागी मुळात सेन्सरच जोडलेला नाही, चिपची रिकामी तार आहे आणि सॉफ्टवेअर इमानदारीत तिचं वाचन करतंय. काही बोर्डांवर असलीच ओळ उणे ५५ वगैरे दाखवते. वर सांगितलेल्या दुसऱ्या दुकानवाल्यानं ही १२७ची ओळ बघितली असती तर मला अग्निशमनवाल्यांचा नंबर दिला असता.

सेन्सर तपासायला दुसरं सॉफ्टवेअर नको, थोडा वेळ आणि भिंतीवर लावायचा साधा थर्मामीटर हवा.

पहिली तपासणी सकाळची. रात्रभर मशीन बंद, प्लगही काढलेला. थर्मामीटर कॅबिनेटच्या ज्या बाजूनं हवा आत जाते तिथे टांगलेला. सकाळी तो २४ वर होता. मशीन चालू केलं आणि विंडोज आल्या आल्या आकडे बघितले तर कोअर २८ ते ३३ च्या दरम्यान. ठीक. चालू झाल्यावर चार ते नऊ अंश चढणारच. एखादा कोअर २४ च्या खाली दिसला असता तर त्याचं खालच्या बाजूचं मोजमाप बिघडलेलं आहे असं समजले असते. हीच तपासणी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर जाऊन करू नका. तिथे प्रोसेसर विंडोजसारखा झोपी जात नाही, त्यामुळे काही काम नसतानाही आकडा जास्त येतो आणि उगाच शंका येते.

दुसरी तपासणी माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिला थर्मामीटरही लागत नाही. रेंडर लावलं आणि तीन ओळी शेजारी शेजारी ठेवल्या: मर्यादेपासून अंतर, क्लॉक, वॅट. अंतर शून्यावर आलं, त्याच क्षणी थ्रॉटलिंगच्या ओळीत "येस" आलं आणि क्लॉक खाली पडला. वॅटही पंचेचाळीसच्या आसपास उतरले. प्रोसेसर मर्यादेला पोचला की स्वतःचा वेग कमी करून उष्णता आटोक्यात ठेवतो, आणि त्याहीवर गेलाच तर मशीन आपसूक बंद करतो. म्हणजे मला दिसणारा १०० हा प्रोसेसर स्वतः खरा मानत होता आणि त्यानुसार वागत होता. रेंडर का रेंगाळतंय त्याचं उत्तरही तिथेच मिळालं. सेन्सर गेला म्हणणारा तिथेच खोटा पडला. जळायलाय म्हणणाराही पडला, कारण जळू नये म्हणूनच तर तो वेग कमी करत होता.

इथे एक फसगत होऊ शकते. क्लॉक पडला म्हणजे दर वेळी तापमानामुळेच पडला असं नसतं. १२४००ला दोन वीजमर्यादा आहेत: थोड्या वेळासाठी ११७ वॅट, मग कायमचे ६५. बोर्ड त्या पाळत असेल तर रेंडर सुरू झाल्यावर थोड्याच वेळात क्लॉक एक पायरी उतरतो, तापमान ७० असलं तरी. एचडब्ल्यूइन्फोमध्ये "पॉवर लिमिट एक्सीडेड" अशी ओळ वेगळी आहे. तिथे "येस" आणि थर्मलला "नो" असेल तर तुमच्या पंख्याचा काही दोष नाही. माझ्याकडे थर्मलला "येस" होतं आणि वॅट पासष्टपर्यंत पोचतच नव्हते.

तिसरी तपासणी आकडा चढतो कसा आणि उतरतो कसा याची. त्यासाठी सॉफ्टवेअर दर २ सेकंदांनी आकडे वाचायचं ते दर अर्ध्या सेकंदानं वाचेल असं केलं. रेंडरचं बटण दाबलं आणि आकडा चाळीसच्या घरातून डोळ्यांदेखत नव्वदीत. थांबवलं की तितक्याच पटकन खाली. चिप नखाएवढी, तिच्यात उष्णता साठायला जागा नसते, त्यामुळे झटपट वर-खाली होणं हे सेन्सर जिवंत असल्याचं लक्षण आहे. काम लावूनही जो आकडा ढिम्म हलत नाही तो अडकलेला. पण चांगल्या मशीनवर सुरुवातीची उडी एवढी उंच नसते. पहिल्या सेकंदातच नव्वदी म्हणजे उष्णता चिपमधून हीटसिंकमध्ये उतरतच नाहीये. पंख्यात धूळ असली किंवा खोली तापलेली असली तर आकडा काही मिनिटं घेत हळूहळू चढतो. या एका फरकावरून कुठे हात घालायचा ते कळतं, आणि ते कुठल्याही दुकानानं मला सांगितलं नव्हतं.

खात्रीसाठी शेवटी गन आणलीच, पण या वेळी कारखान्यातली. चुलतभाऊ उद्यमबागेत फौंड्रीत आहे, त्याच्याकडून एका रविवारपुरती. "काय गं ताई, कास्टिंग काढायलीस की काय घरात?" असं विचारून त्यानं दिली. हीटसिंकच्या पात्यांच्या बुडाशी वायरमनची काळी टेप चिकटवली, कारण काळ्या टेपवर गन बऱ्यापैकी खरं वाचते. टेप तापेपर्यंत थांबले, गन अगदी जवळ धरली. खोलीत ३३, सेन्सर म्हणतोय १००, टेपवर ५८.

हे ५८ आणि १०० बघून "बघा, सेन्सर खोटा" म्हणणारे पुष्कळ निघतील. पण गन हीटसिंक मोजतेय आणि सेन्सर चिपचं पोट. दोन्हींत फरक असणारच. प्रश्न एवढाच की तो किती असावा. पंचेचाळीस वॅटला ४२ अंशांचा फरक म्हणजे चिप आणि हीटसिंक यांची नीट गाठच पडलेली नाही. तिसऱ्या तपासणीत निघालं तेच हिनं वेगळ्या वाटेनं सांगितलं. माझ्या दृष्टीनं सेन्सर खरा असल्याचा हा सगळ्यांत पक्का पुरावा, कारण या वेळी दुसरा साक्षीदार त्याच सेन्सरवर अवलंबून नव्हता.

मग पंखा उतरवला. चार कोपऱ्यांच्या चार प्लास्टिकच्या पिनांपैकी एक अर्धवटच बसलेली होती. बोर्डाच्या मागून बघितलं तर तिचे दोन पाय फाकलेलेच नव्हते. चिप आणि हीटसिंकच्या मध्ये उष्णता पोचवायला लावलेली पेस्ट एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला जवळजवळ कोरी. पंखा आणि पात्यांच्या मध्ये भर म्हणून वडगावचा खास माल: कापसाची तूस. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना माग आहेत, साड्यांचे. ही तूस इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाही, पण पात्यांवर गोधडीच्या अस्तरासारखा सलग थर बसला होता, चिमटीत धरून एका तुकड्यात निघाला. शहापूर, वडगाव, खासबागकडच्या लोकांनी बाकी काही नाही तरी हे झाकण अधूनमधून काढावंच.

आयसोप्रोपिल अल्कोहोलनं जुनी पेस्ट पुसली, मटारच्या दाण्याएवढी नवी लावली, पिना समोरासमोरच्या जोडीनं दाबल्या आणि चारही मागून बघून घेतल्या. तेच रेंडर लावलं. खोलीत ३१, वॅट ६५, सर्वांत गरम कोअर ७६, टेपवर ६०. वॅट वाढले तरी चिप आणि हीटसिंकमधला फरक ४२ वरून १६ वर आला. खर्च पेस्टच्या एका ट्यूबचा.

एप्रिलचे आकडे आणि डिसेंबरचे आकडे यांची तुलना करताना एक पथ्य. आमच्या बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात ते खरं, पण पत्र्याखालच्या माडीवर एप्रिलच्या दुपारी ते कोणी म्हणून दाखवावं. खोली दहा अंशांनी तापली तर प्रोसेसरही साधारण तितकाच वर जातो. म्हणून नुसता ७६ लिहून ठेवू नका, ७६ आणि खोलीतले ३१ असं दोन्ही लिहा, आणि बघायचा तो मधला फरक. तुलनेपुरता बायोसमधून पंखा एकाच वेगावर बांधून ठेवायचा, नाहीतर तो आपल्या मनानं फिरतो आणि हिशेब बिघडवतो. वळवाचा पाऊस झाला त्या रात्रीचं आणि त्याच दुपारचं रेंडर असं मी ताडून बघितलं. मधला फरक दोन अंशांच्या आत जुळला.

सॉफ्टवेअरबद्दलच्या तक्रारी आता. अक्षरं बारीक आहेत आणि चष्मेवाल्यांना त्रास होतो. ओळींची नावं इंजिनिअरनं इंजिनिअरसाठी ठेवलेली. न जोडलेल्या सेन्सरच्या ओळी आपणहून लपवल्या तर निम्मी घबराट कमी होईल. सर्वांत जास्तच्या खान्यात एका क्षणाची उडीही कायमची लिहिली जाते, म्हणून त्याच्या जोडीला सरासरीही बघायची सवय लावावी लागते. नोंदी फाइलमध्ये साठवायची सोय मात्र झकास. रात्रभराची फाइल सकाळी एक्सेलमध्ये उघडली की कुठल्या वेळी काय झालं ते दिसतं. एकदा मध्यरात्री रेंडर थांबलेलं होतं, तर नोंदीत तापमान नीट साठीत आणि त्यानंतर एकदम कोरं. ते प्रोसेसरचं काम नव्हतं, लाइट गेली होती आणि यूपीएसनं हात वर केले होते.

पैशाचं म्हणाल तर घरगुती वापराला फुकट. धंद्याच्या मशीनवर वापरायचं तर प्रो आवृत्तीचा परवाना घ्यावा लागतो, तेव्हा स्टुडिओवाल्यांनी ते लक्षात ठेवा. इन्स्टॉल न करता चालणारी पोर्टेबल आवृत्तीही मिळते. पेनड्राइव्हवर टाकून मी ती खानापूर-निपाणीला घेऊन जाते. उतरवून घ्यायचं ते त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच. नुसता तापमानाचा एक आकडा खाली घड्याळाजवळ दिसला तरी पुरे, असं ज्यांना वाटतं त्यांना कोअर टेंप जास्त सोपं जाईल. मर्यादेपासूनचं अंतरही ते दाखवतं. फक्त वॅट, क्लॉक आणि थ्रॉटलिंगचं कारण इतकं उलगडून ते सांगत नाही, आणि माझा गुंता सुटला तो नेमका तिथेच.

रायझन ७००० मालिकेचं मशीन घेतलेल्यांनी एवढं वाचून लगेच पंखा काढायला जाऊ नका. त्यातले नावाच्या शेवटी नुसता एक्स असलेले डेस्कटॉप प्रोसेसर पूर्ण कामावर ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच राहतील असेच बनवलेले आहेत. तिथे ९५ दिसणं हा बिघाड नव्हे, क्लॉक किती मिळतोय ते बघा.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो त्या १२७च्या ओळीसाठी.